सोळा तासांचा मामा

आमच्या मिरजगावात अंतर कुणी किलोमीटरात सांगत नाही. नगर किती लांब, तर एसटीनं दीड तास. तिसगाव दोन तास, रस्ता खणून ठेवलेला नसला तर. त्यामुळं सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला विमान सोळा तासांत येतं, असं थोरल्या भावानं कळवलं तेव्हा मधले साडेतेरा हजार किलोमीटर मी एका घोटात गिळून टाकले.

लेकीचं लग्न होतं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तिला मामा दोन. धाकटा तिसगावात कांदा पिकवतो आणि पिकअप चालवतो. लेकीचे कान टोचण्यापासून तिच्या बारावीच्या पेपरांपर्यंत तोच हजर. थोरला वीस वर्षांत दोनदा आला. पण पाठीशी थोरलाच हवा, हा हट्ट माझा. आमचा माणूस कुठून येतो ते व्याह्यांनी बघायला नको का? हौसेला मोल नाही म्हणतात. अक्कलही नसते.

गुरुजींनी शनिवार आणि रविवार असे दोन मुहूर्त दिले होते. थोरला शुक्रवारी सकाळी दहाला तिथून निघणार होता. मी बोटांवर मोजलं. दहा आणि सोळा, म्हणजे रात्री दोनला मुंबई, पुढं आठ तास रस्ता, सकाळी दहाला मांडवात. मग रविवारपर्यंत कशाला ताणायचं? शनिवारचा साडेबाराचा मुहूर्त धरला, पत्रिका छापली, थोरल्याला तिचा फोटो धाडला. त्यानं वाचायची तसदी न घेता अंगठ्याचं चित्र धाडलं. एवढं शिकून तिकडं गेला आणि अंगठेबहाद्दर झाला.

तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतात, हे घरात चार पदवीधर असून एकालाही सुचलं नाही. एसटीत बसून आजवर आमच्यापैकी कुणाचं घड्याळ बदललं नव्हतं.

विमानतळावर जायला भरवशाचा माणूस हवा, म्हणून मी धाकट्यालाच पिटाळलं. निघताना तो म्हणाला, "ताई, मी मांडवात नको का?"

"दादा हाय की," मी म्हणाले. तो भाड्याची जीप घेऊन निघून गेला.

पहाटे तीनला त्याचा फोन. "इमान काय आलं न्हाई. माघारी निघू का?"

"उशीर झाला आसंल. त्याला घेतल्याबिगर येऊ नको," मी ठणकावलं.

सकाळी आठला पुन्हा फोन. "ताई, हितं बोर्डावर दुपारचं अडीच लिवलंय." आता तो निघाला असता तरी पंगती उठल्यावरच पोचला असता.

साडेबाराला आमच्या यजमानांचा मावसभाऊ लेकीच्या पाठीशी उभा केला. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि मला जवळ बोलावलं.

"मामा कुठंय?"

"विमान दुपारी उतरतंय गं."

"मी त्या मामाचं इचारत न्हाई," ती हळूच म्हणाली. "माझा मामा दोन तासांवर राहतो. त्याला तू कुठं धाडलंस?"

गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. पहिल्या 'सावधान'ला सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या मुठीतल्या मुठीतच राहिल्या.