आखाजीच्या घागरी आणि माझे बधिर पाय

आमच्या कुंभाराच्या घरात नव्या सुनेची परीक्षा चुलीपाशी व्हायची नाही, ती चिखलात व्हायची. माती भिजवून, राख आणि लीद मिसळून झाली की शेवटचं तुडवणं सुनेचं. तुडवता तुडवता तळव्याला खडा लागला पाहिजे आणि अंगठ्याच्या चिमटीत धरून तो बाहेर फेकता आला पाहिजे. चिखलात हात घालून खडे शोधणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं. मी या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झाले होते, हे आजही छाती फुगवून सांगते. बाजरीच्या दाण्याएवढी चुनखडी माझ्या पायातून सुटत नसे.

दुसऱ्या बाळंतपणानंतर पाय फिरले. संध्याकाळी जरा टेकावं तर पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळायला लागायचं. दुखणं नव्हे, खाज नव्हे. उठून चार पावलं टाकली की थांबायचं, बसलं की पुन्हा सुरू. ते कमी होतं म्हणून की काय, तळवे बधिर होत चालले. जाड चामड्याच्या वहाणा घालून चालल्यासारखं वाटे, आणि पायात तर काहीच नसे. पोटऱ्या म्हणायच्या चाल, आणि कशावरून चालतोय ते तळव्यांना कळायचं नाही. तळोद्याच्या वैद्याने नसांचं दुखणं म्हणून सांगितलं. जाणार नाही, सांभाळून राहा, म्हणाला. मला त्याचा राग आला होता, पण माणूस खरं बोलला होता.

त्याच वर्षी आखाजीच्या घागरी फुटल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या मुलखात घरोघरी पितरांसाठी नवी घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. ती घागर पाझरली तर अपशकुन वाटून बायकांचा जीव घाबराघुबरा होतो. माझ्या तळव्यांखालून चुनखडी निसटली होती, ती आव्यात, मडक्यांच्या भट्टीत, भाजली आणि घागरींच्या अंगावरून खपल्या उडाल्या. गल्लीतली एक बाई पाझरती घागर आमच्या ओट्यावर आणून ठेवून गेली. ते मला फार लागलं.

सासू मनाने वाईट नव्हती. तिने सरळ हिशेब केला, पाय बिघडले तर पायांना विसावा द्यावा.

“बठ व माय, बठ. पायस्ले आराम दे,” म्हणाली, आणि मला लाकडी थापी देऊन मडकी ठोकायला बसवलं. माझ्या चिखलात मोलाने आणलेली बाई उतरली.

बसणं हाच माझा छळ होता, ते तिला कसं कळावं! पाचव्या मडक्याला पोटऱ्या पेटायच्या, मी उठून अंगणात फेऱ्या मारायची, आणि कामचुकार ठरायची. एकदा तिने मायेने कढत पाण्यात माझे पाय बुडवले. मला पाणी कोमट वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पावलांवर फोड! तेव्हापासून पाणी आधी कोपराने पाहायचं मी ठरवलं. आणि रोज दिवेलागणीच्या आत उंबऱ्यात बसून हातातल्या आरशात तळवे बघायचे, काही रुतलं-कापलं तर नाही ना म्हणून.

सासूला त्याचं हसू येई. “दुनिया आरसामा तोंड दखस, अन ही तळवा दखस!”

मी ऐकून घ्यायची, पण आतून जळायची. पायांपेक्षा तो चिखल हातचा गेल्याचं दुःख मोठं होतं. त्या घरात माझं म्हणून जे काही होतं, ते तिथेच होतं.

पुढच्या हिवाळ्यात एकदा तळोद्याच्या बाजारात मडकी विकायला बसले होते. बसले कसली, उभीच होते. डोंगरातल्या मोलगीकडून उतरलेली माणसं घागरी वाजवून बघत होती. समोरचा दुकानदार धुण्याच्या साबणाची लांब वडी तारेने कापत होता. मध्येच तार अडली. त्याने वाकून पाहिलं, साबणात खडा होता. शिव्या देत त्याने तो काढून फेकला. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

त्या दुकानदाराकडून तारेचा तुकडा मागून आणला, दोन्ही टोकांना बांबूच्या खुंट्या बांधल्या. नवरा चाकावरून म्हणाला, “चिखलमा तारनं काय काम शे?” मी तार घेऊन सरळ सासूसमोर जाऊन उभी राहिले.

“आत्याबाई, मी बठस ते पाय वळवळतस. मले उभी ऱ्हाऊ द्या. तुडवतीन पाय, खडा शोधीन तार. औंदा एक आवा फुटना ते जलमभर बठसु.”

माझा आवाज चढला होता. सुनेने असं बोलायची रीत नव्हती. सासूने तार हातात घेऊन ताणून पाहिली आणि मोलाच्या बाईला घरी पाठवलं.

मी पायांना फडकी गुंडाळून चिखलात उतरले. तुडवताना पोटऱ्या अशा निवायच्या की हसू फुटायचं. तुडवून ढीग झाला की तारेने त्याचे पातळ काप करायचे. खडा आला की तार ‘खर्र’ करून अडायची आणि बोटांना कळायचं. दुपारभर मी तेच करत होते. काढलेले खडे मी मुद्दाम सासूच्या वाटेत ठेवले.

आखाजीच्या तोंडावर आवा उघडला. सासूने एकेक घागर बोटाच्या पेराने वाजवली. ठण्ण. ठण्ण. शेवटपर्यंत एकही बद्द वाजली नाही. मी गल्लीभर ऐकू जाईल एवढ्याने हसले, मग रडले, आणि नवऱ्याने चाक फिरवल्याचं सोंग केलं.

पितरांची घागर निवडण्याचा मान घरात सासूचा. ती म्हणाली, “औंदा तू निवड.” मी सगळ्यांत मोठी उचलली.

दिवेलागणीच्या आत मी नेहमीसारखी उंबऱ्यात आरसा घेऊन बसले. सासू आली, जवळ टेकली. कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि लुगडं घोट्यापर्यंत सारून पाय माझ्यासमोर लांब केले.

“मन्हा पायबी दखी ले व माय.”

तिच्या पाया मी किती वेळा पडले असेन, पण तळवे पहिल्यांदाच बघत होते. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता, आजूबाजूला लाल झालं होतं. तिचेही तळवे माझ्यासारखेच बधिर, तिला त्याचा पत्ताच नव्हता. मी काटा काढला आणि आरसा तिच्या हातात दिला.