ल्याओची बायको ‘सोडून गेली’ त्याची गोष्ट

आमच्या चिंगदचनमध्ये, चीनमधल्या या चिनीमातीच्या भांड्यांच्या गावात, कच्च्या वाडग्याची कड पातळ तासावी ती ल्याओ शुइगननेच. नुसत्या बोटाने टिचकी मारून जाडी सांगतो. पण परदेशी कुंभार गल्लीत येऊ लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी या गृहस्थाला इंग्रजीची हौस आली. मी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, राहायला समोरच. त्यामुळे सुटका नव्हती.

पहिल्याच आठवड्यात त्याने वही आपटली.

“बाई, हे क्रियापद सारखं कपडे का बदलतं?”

“काळ बदलतो म्हणून.”

“पण मी आधीच ‘काल’ म्हटलंय ना! ऐकणाऱ्याला कान नाहीत का?”

तसं त्याचंही बरोबर होतं. आमच्या बोलीत क्रियापद जन्मभर एकाच रूपात राहतं. काल की उद्या ते सांगायचं, काम उरकलं असेल तर मागे इवलंसं ‘ल’ जोडायचं, झालं. त्या ‘ल’च्या जागी ल्याओला इंग्रजीतलं ‘ऑलरेडी’ सापडलं आणि स्वारी निर्धास्त झाली. ‘आय ऑलरेडी ईट.’ ‘पॉट ऑलरेडी ब्रेक.’ माझ्यासमोर वहीत ‘एट’, ‘ब्रोक’ असं व्यवस्थित लिहायचा. पण तोंड उघडलं की पुन्हा तेच.

एप्रिलमध्ये त्याची बायको च्यूयिंग चहाच्या खुडणीला बहिणीकडे गेली, दहा दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी दुपारी ल्याओ चाकाशेजारी बसून कोरड्या शेवया चघळत होता. शेजारच्या कारखान्यात काम शिकणारी आयरिश बाई नोरा आली आणि तिने विचारलं, बायको कुठे आहे?

“वाइफ ऑलरेडी लीव्ह मी,” ल्याओ ऐटीत म्हणाला. “नो कम बॅक.”

त्याला म्हणायचं होतं, गेलीय, अजून आली नाही. नोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याला मिठीच मारली. ल्याओला वाटलं, आपलं इंग्रजी फारच आवडलं हिला.

नोराने हे तिच्यासाठी दुभाष्याचं काम करणाऱ्या पोरीला सांगितलं, त्या पोरीने भाजीवालीला. संध्याकाळपर्यंत गल्लीत ल्याओचा घटस्फोट झाला होता! बायका डबे घेऊन येऊ लागल्या. मुळ्याचं तिखट सारण भरलेली, वाफवलेली पुरचुंडी काय, माशाचं कालवण काय!

चौथ्या दिवशी मी त्याला गाठलं. “अहो, लोक काय समजलेत ठाऊक आहे का?”

“परवा कळलं.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

ल्याओने पुरचुंडी तोंडात टाकली. “सांगणार होतो. पण एवढा भूतकाळ मला अजून जमत नाही हो, बाई.”

दहाव्या दिवशी च्यूयिंग चहाची पिशवी घेऊन गल्लीत शिरली, तर भाजीवालीने तिचा हात धरला. “बरं केलंस परत आलीस. माणूस निम्मा झालाय गं!”

च्यूयिंगने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं पोट सुटलं होतं.

त्या दिवशी जे झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं, आणि त्याला कुठल्याच भाषेची अडचण पडली नाही. दुसऱ्या दिवशी च्यूयिंग वही घेऊन माझ्या दारात हजर.

“बाई, मलाही शिकवा. माझ्याबद्दल हा परक्यांना काय सांगतो, ते मला कळलं पाहिजे.”

आणि च्यूयिंगला भूतकाळ तीन आठवड्यांत आला! उदाहरणांची ददात नव्हती. तीस वर्षांत नवरा काय विसरला, त्याने काय फोडलं, कुणासमोर काय बोलला. रोज वीस वाक्यं. ‘यू फरगॉट.’ ‘यू ब्रोक.’ ‘यू सेड.’ ल्याओ शेजारी बसून ऐकायचा, आणि ऐकून ऐकून एक दिवस त्याच्याही तोंडून ‘वेंट’ बाहेर पडलं. मी टाळ्या वाजवल्या.

परवा नोरा निरोप घ्यायला आली होती. ल्याओ ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “टुमॉरो वी वेंट टू स्टेशन विथ यू.”

च्यूयिंगने कपाळावर हात मारला. नोरा म्हणाली, “थँक यू.” मीही काही दुरुस्त केलं नाही. सकाळी दोघं खरंच स्टेशनावर गेली.