भरलेला तडा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेले नाही – घरात नाही, मैत्रिणींजवळ नाही. माझे व्हिडिओ पाहणाऱ्या तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या बाजूने भांडलात. भौतिकशास्त्र शिकलेली मी. कारण आणि परिणाम नेमके मांडायची मला सवय आहे. मग इथे इतकी अडखळते का?

केनवडला आमच्या गोठ्याच्या एका बाजूला माझा लेथ आहे. त्यावर लाकूड गरगर फिरते, पटाशी टेकवली की आकार येतो. मी वाडगे घडवायची आणि वहिनी मोबाईल धरून चित्रण करायची. खाली पडलेले छिलके ती टोपल्यात भरून आंघोळीच्या बंबासाठी न्यायची. ‘ताई, तुमच्या वाडग्यायपेक्षा माह्या बंबालेच जास्त फायदा होऊन राह्यला,’ म्हणून हसायची.

व्हिडिओ मी इथे टाकत आले. टीका येई. ‘पोरीचं हे काम नाही’ म्हणणाऱ्यांचे मला कधी काही वाटले नाही. झोंबायची ती दुसरी – शांत, सभ्य, अचूक. लाकूड ओले आहे, तडकेल. काठ सारखा नाही. एक गृहस्थ प्रत्येक व्हिडिओखाली हेच लिहीत. आणि ते बरोबर होते.

कडुनिंबाचा तो मोठा वाडगा तुम्हाला आठवत असेल. त्याला तडा गेला होता. मी त्यात भुसा आणि गोंद भरला, घासून गुळगुळीत केला आणि तो भाग मोबाईलपासून पलीकडे वळवला. हे वहिनीने पाहिले. फक्त तिने.

आणि मग – इथे पुन्हा थांबावेसे वाटते – मी खोट्या नावाने खाते उघडून स्वतःलाच शिवीगाळ केली. ‘भाकरी थापाचं सोडून लाकडं कायले चिरते वो? तडा गेला तं भुसा भरून लपोला, अन् वरून शान मारून राह्यली.’ त्याखाली जे घाणेरडे लिहिले, ते पुन्हा लिहवत नाही. तड्याचा उल्लेख मुद्दाम केला. अशा माणसाच्या तोंडून आलेला आरोप खरा असला तरी कोण मानणार? हिशेब चोख होता. तुम्ही त्या खात्यावर तुटून पडलात. ते सभ्य गृहस्थ गप्प झाले. मला आनंद झाला – हो, आनंदच.

घरातही ते वाचले जाईल, हे मात्र मी धरलेच नव्हते.

‘तडा भरला हे तुह्याबिगर कोनाले मालूम होतं?’ वाडग्यातला भरलेला तडा पाहून दादाने वहिनीला विचारले. ती म्हणाली, ‘लेकराची आन, मी नाही लिहिलं.’ आई मान फिरवून बसली. मग वहिनी माझ्याकडे वळली. ‘ताई, तुमी तरी सांगा ना. मी असं लिहीन काय?’

‘मले काय माहीत,’ मी म्हणाले आणि लेथ सुरू केला. तिचे पुढचे बोलणे ऐकू येऊ नये म्हणून.

दादाने तिच्याशी बोलणे टाकले. लेकराला घेऊन ती शिरपूरला माहेरी गेली. एसटीपर्यंत तिची पिशवी मीच नेली. तेव्हाही बोलता आले असते, नाही का? गाडीत चढताना ती म्हणाली, ‘छिलके कोरडे ठेवजा, ताई.’

उद्या दोन्ही घरची वडीलधारी मंडळी आमच्याकडे बसणार आहेत. वहिनीने निरोप पाठवला आहे – लेकरू बापाविना राहायला नको, म्हणून ती ‘मीच लिहिलं’ असे सर्वांसमोर कबूल करून माफी मागेल. हे ऐकल्यावर आई म्हणाली, ‘पाह्य, शेवटी आलीच ना वळणावर.’ मी समोर जेवत होते. घास घशाखाली उतरला. पुढचाही उतरला.

तिच्या वडिलांना मी आत्ताच फोन केला. त्यांनी ‘हॅलो’ म्हटल्यावर ठेवून दिला. दादा अंगणात बसला आहे. त्याच्या हातातल्या मोबाईलवर हे क्षणात दिसेल. त्याच वाडग्याच्या व्हिडिओखाली, स्वतःच्या नावाने लिहिते आहे.

ते मी लिहिले होते. वहिनीने नाही.