तिला ‘हाय’ म्हणायला मी सांगितलं

वर्गात मला खुर्चीवर बसवत नाही. पनवेलच्या लॉ कॉलेजात फौजदारी कायदा शिकवायला लागले तेव्हापासून मी फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरत असते. पहिल्या आठवड्यात मुलं हसतात, मग त्यांना सवय होते. गुन्ह्याच्या कबुलीचा भाग आला की माझ्या फेऱ्या वाढतात.

त्याआधी बरीच वर्षं मी इथल्याच कोर्टात मोफत वकिली केली. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकार वकील देतं. त्या यादीत मी होते. या कामाकडे वळले ती वडिलांमुळे. आमचं गाव मोरा बंदराच्या अलीकडे, घरचं मिठागर. जमिनी सरकारच्या ताब्यात जायच्या वेळी गावाने रस्ता अडवला आणि पोलिसांनी वडिलांना धरून नेलं. कोर्टात त्यांना दिलेल्या वकिलाने काही न विचारता तारीख मागून घेतली. सुटून आल्यावर वडील म्हणाले, "तो वकील माज्याकडं एकदा पन बगला नाय." मी सनद घेतली तेव्हा ठरवलं होतं, आपण बघायचं.

सुरुवातीला बघितलंही. पण एका सकाळी दहा-बारा आरोपी पुढ्यात यायला लागले, तसे मी माणसांऐवजी कागद बघायला लागले.

अशाच एका सकाळी ती आली. आपट्याच्या पलीकडे डोंगरालगतच्या वाडीतली कातकरी बाई, तिशीच्या आतबाहेरची. त्या वर्षी ती रोडपालीत इमारतीच्या कामावर होती आणि जवळच्या एका घरी धुणंभांडी करायची. त्या घरातली सोन्याची चेन गेली. तिच्याकडे काही सापडलं नव्हतं, तरी संशय तिच्यावरच आला. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार म्हणून उभं राहील असं वाडीत कोणी नव्हतं. सातबारा कोणाच्याच नावावर नाही. पाच महिने ती तुरुंगात होती आणि तिची लहान मुलगी आजीजवळ.

कोर्टाच्या व्हरांड्यात, शेजारी महिला पोलीस उभी असताना, मी तिला सांगितलं, "गुन्हा कबूल केलास तर आत काढलेले दिवस शिक्षेत धरतील. आज घरी जाशील. केस लढवायची तर अजून वर्ष जाईल."

"पन मी नाय घेतली चेन."

"ते मला कळतंय. तुला पोरीकडे जायचंय ना?"

आत मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या प्रकरणाची फाइल उघडत होते. तशीच मान हलवली. ती म्हणाली, "हाय."

त्याच दिवशी ती सुटली. मला वाटलं, चांगलं काम झालं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी वकिली सोडून शिकवायला लागले, आणि शिकवण्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका दुपारी ती कॉलेजच्या फाटकाशी उभी होती. वॉचमन तिला आत सोडत नव्हता. मी बाहेर गेले.

"बाई, तुमी हाय म्हनायला सांगितलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "आता आजूबाजूला काय गेलं की पोलीस माज्या दारात. बोलतात, मागं तूच कबूल केलंयस. पोरीला शाळंत चोराची पोर बोलतात."

मी तिला कायदा सांगितला: स्वतः कबुली दिल्यावर शिक्षेविरुद्ध अपील होत नाही, फार तर शिक्षा कमी करून मागता येते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग?"

त्या दिवशीचा तास मी अर्ध्यावर सोडला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पनवेल कोर्टात वकिली करते. तिने कागद वाचले आणि म्हणाली, "वरच्या कोर्टात अर्ज करता येईल. ही कबुली समजून दिलेली नव्हती, असं दाखवायला हवं. पण ते तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल, मॅडम."

सोबतच्या एका प्राध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध लिहून देताय. उद्या तुमची सनद गेली तर?" दोन दिवस मी प्रतिज्ञापत्र पुढे ढकललं. मग लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, ‘आरोपीस गुन्हा कबूल करण्याबाबत सांगण्यात आले.’ विद्यार्थिनीने त्या ओळीखाली रेघ मारली. "कोणी सांगितलं, मॅडम?"

मी ते खोडून लिहिलं, ‘मी सांगितले.’

सुनावणीत न्यायाधीशांनी मला विचारलं, "तुम्ही आरोपीला पुरावा समजावून सांगितला होता?"

"नाही."

"का?"

"वेळ नाही असं मी तेव्हा धरून चालले होते."

कबुली रद्द झाली. पण त्याचा अर्थ खटला नव्याने चालणार. हे मी तिला सांगितलं.

"परत आत टाकतील?"

"नाही. या वेळी जामीनदार मी आहे."

खटला जवळजवळ वर्षभर चालला. ती प्रत्येक तारखेला कामाचा खाडा करून आली. चेनीच्या मालकीणबाई साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने एक साधा प्रश्न विचारला: त्या दिवशी घरात आणखी कोण होतं? बाई सहज म्हणाल्या, "रंगकाम चालू होतं. तीन-चार माणसं होती." हे त्यांना आधी कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

ती निर्दोष सुटली. बाहेर पायऱ्यांवर मी तिची माफी मागायला सुरुवात केली. काय बोलायचं ते कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. तिने मला मध्येच थांबवलं.

"बाई, माजी एसटी चार वाजता हाय. निकालाचा कागद कदी भेटंल?"

"सोमवारी."

"मंग सोमवारी येते. शाळंत दाखवाया पायजे." आणि ती डेपोकडे भराभर चालायला लागली.

मला वाटलं होतं, आता स्वस्थ वाटेल. तसं काही झालं नाही. मी कपाटातून वकिलीच्या जुन्या डायऱ्या काढल्या. ज्यांनी कबुली दिली त्यांच्या नावापुढे मी ‘निकाली’ लिहायचे. पानापानावर तो शब्द होता. त्यातल्या किती जणांनी माझ्या सांगण्यावरून मान तुकवली, हे आता मला सांगता येणार नाही.

रविवारी मी आणि विद्यार्थिनी डायरीतला पहिला पत्ता शोधायला निघालो. झोपड्या होत्या तिथे आता सर्व्हिस रोड झालाय. कडेच्या टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ती माणसं कळंबोलीच्या बाजूला गेली म्हणतात. नक्की नाही माहीत."

आम्ही रिक्षा थांबवली आणि तिकडे निघालो.