मनात येणं आणि मनात असणं

पहिल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, विळीला हात लावणं सोडलं. विळी दिसली की ही पोरीच्या गळ्यावर फिरेल, असं तिला वाटायचं. दिवसातून शंभरदा. मग पोरीला पाळण्यात टाकून ती अंगणात रडत बसायची. अंगारे-धुपारे झाले. शेवटी भावजींनी तिला धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर पुण्याकडचे, त्यांना अहिराणी कळेना. मी नुकतीच सातवीची मराठी फायनल परीक्षा पास झालेली, शुद्ध बोलण्याचा भलता तोरा. दुभाषी मीच झाले. अक्का खाली मान घालून म्हणाली, "मना मनमा येस, पोरले मारी टाकसू."

ती 'मनात येतं' म्हणाली होती; मी ऐटीत सांगितलं, "मुलीला मारायचं हिच्या मनात आहे."

"माले नको शे, तरी येस," अक्का पुढे म्हणाली. पण डॉक्टरांनी हात वर केला होता, आणि नको असूनही येतं, हे मी सांगितलंच नाही. बाळ हिच्याजवळ ठेवू नका, असं त्यांनी बजावलं. भावजींना अक्काचं बोलणं कळलं होतं, पण डॉक्टरांपुढे कोण बोलणार? पोर अमळनेरला भावजींच्या बहिणीकडे गेली. त्या मूर्खपणाबद्दल मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

तीन वर्षांनी धुळ्यालाच दुसरे डॉक्टर भेटले, खानदेशातलेच. अक्का त्यांच्याशी स्वतः बोलली. ते म्हणाले, "ज्याच्या मनात असतं, तो असा रडत येत नाही. विचार आला तर येऊ द्या. देवाचं नाव घेऊन दाबू नका, हातातलं काम सोडू नका. विळी घ्या, भाजी चिरा." पुढे म्हणाले, "पोरीला समोर बसवून चिरा."

अक्का कित्येक महिने घरात एकटीच चिरत राहिली. आधी दोन फोडी करून उठायची, मग अख्खी भाजी चिरू लागली. मग आम्ही दोघी अमळनेरला गेलो. तिथल्या स्वयंपाकघरात पोरीला समोर बसवून तिने वांगी चिरली. विचार आला असेल, नसेल; हातातलं काम मात्र तिने सोडलं नाही.

पोर उठली. मग आत्याच्या पदराला धरून, तिलाच आई समजून म्हणाली, "माय, हाई बाई कव्हय जाई?"

"जास बेटा, आत्तेच जास," अक्का म्हणाली आणि निघायला उठली. एसटीला अजून दोन तास होते.