पट्टीचे वळण

मेंडोलिनचे सुटे भाग आणून मी घरीच जोडायला बसलो होतो. बाजूची पातळ लाकडी पट्टी तापल्या नळीवर वाकेना. दात खाऊन जोर केला, तेव्हा ती कडकन मोडली आणि तिची कपची तळहातात खोल घुसली.

जखमेवर हळद दाबत पत्नी म्हणाली, "वळण लावत होतात ना? थोरल्यालाही असंच लावलंत."

थोरल्या मुलाच्या पाठीवर माझा कातडी पट्टा तुटला होता. पुढे तो घर सोडून गेला. लाकडाला आणि लेकराला आपल्याकडे वळणच लावतात. लाकूड मात्र आधी भिजवावे, असे सोबतच्या कागदावर लिहिले होते. तो वाचण्याची मला गरज वाटली नव्हती.

उरलेली पट्टी पाण्यात ठेवून मी पत्नीला थोरल्याचा फोन नंबर विचारला. तिने तो तोंडपाठ सांगितला.