आमचं हॉटेल सेंद्रिय कसं झालं

हॉटेलात पंधरा वर्षं मॅनेजर म्हणून काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. ॲसिडिटी आणि किस्से! ॲसिडिटीवर गोळी तरी मिळते. किश्शांवर इलाज एकच, समोर कुणी चहा घेत निवांत बसलं की सांगून मोकळं व्हायचं.

जळगावला हायवेच्या कडेला आमचं हॉटेल. दारात भली मोठी पाटी, 'शंभर टक्के सेंद्रिय, शंभर टक्के स्थानिक'. लोक विचारतात, हे असं का ठरवलंत? आमचे मालक प्रभाकरभाऊ यांच्याकडे उत्तरं तयार असतात. डॉक्टर आले की "आरोग्यासाठी." पुण्याचे पाहुणे आले की "चवीसाठी." पुढारी आले की "शेतकऱ्यासाठी!"

एकदा तिघंही एकाच टेबलावर बसले. त्या दिवशी भाऊ किचनमधून बाहेरच आले नाहीत.

*

खरं कारण आहे सुमनअक्का. अक्का जवळच्याच असोदा गावच्या, आमचं भरीत त्यांच्या हातचं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची, वरून कांद्याची पात. त्यासाठी धुळ्याहून लोक गाडी काढून येतात.

सुरुवातीला भाऊंनी मार्केटमधून वांगी आणली. सगळी एका मापाची, चकचकीत! अक्कांनी एक उचललं, दाबलं, नाकाशी धरलं आणि सरळ चपला घातल्या.

"अक्का, कुठं चालल्या?"

"घरी. ह्या वांग्याले वासच नही. असं भरीत माह्या हातून व्हनार नही."

वार होता रविवार. भरीत नाही म्हटल्यावर टेबलंच्या टेबलं उठून गेली. संध्याकाळी भाऊ असोद्याला गेले आणि येताना अक्कांना घेऊन आले, शिवाय त्यांच्या गावातल्या नानांच्या शेतातली पोतंभर वांगी. अक्कांची अट एकच होती, मार्केटचं वांगं किचनमध्ये आलं की त्या घरी. सोमवारी भाऊंनी पाटी लावली. पुढे पुढे ते या सगळ्याला 'माझं व्हिजन' म्हणायला लागले!

*

धुळ्याच्या देवपूरचं एक कुटुंब आलं होतं. नातवानं मेनूकार्ड वाचून दाखवलं, 'हँडपिक्ड कंट्री ब्रिंजल, फायर रोस्टेड'. आजोबांनी भरीत पोटभर खाल्लं आणि मग चिडले.

"हाई तं आमना घरमा रोज ऱ्हास! यानं इतलं कौतिक काय शे?"

भाऊ हात जोडून म्हणाले, "आबा, पण तुम्ही तीनदा मागून घेतलं."

आबांनी सूनबाईंकडे हळूच बघितलं आणि आवाज खाली आणला. "घरमा तीनदा कोन वाढस रे भो?"

*

दाराशी टोपलीत आम्ही नानांची वांगी मांडून ठेवतो. एक दिवस एका मॅडमना त्यात अळी दिसली. त्या किंचाळल्या. मी माफी मागायला धावलो, तर भाऊ माझ्याही आधी पोहोचले.

"मॅडम, ही अळी म्हणजे आमचं सर्टिफिकेट! औषध मारलं असतं तर ती जगली असती का?"

मॅडमनी अळीचा फोटो काढला, तो सगळीकडे फिरला. दुसऱ्या दिवसापासून भाऊ किडकी वांगी निवडून वर ठेवायला लागले. नानांनी कपाळावर हात मारला. "भाऊ, अळ्या येचता येचता मी म्हतारा झालो, अन् तुमी तिले शोकेसात बसवता!"

आठवड्याभरात पहिली तक्रार आली. "आज एकही अळी नाही. नक्की सेंद्रियच आहे ना?"

*

मग सेंद्रिय हॉटेलांना शिक्का देणाऱ्या संस्थेचे एक साहेब आले. त्यांना शेतकऱ्याशी बोलायचं होतं. भाऊंनी आदल्या दिवशी नानांना पढवून ठेवलं होतं, जमीन आपली आई आहे, वगैरे.

साहेबांनी विचारलं, "नाना, फवारणी कधी सोडली?"

"पंप फुटला तव्हापासून."

भाऊंना जोराचा ठसका लागला. साहेब मात्र चिवट. "म्हणजे त्याआधी तुम्ही भरताच्या वांग्यांवर फवारत होता?"

"नही नही, घरच्या वाफ्याले कधीच नही! ते आमी सोता खातो ना."

"मग फवारा मारायचात कशावर?"

"मार्केटले धाडायच्या वांग्यायवर."

साहेबांनी शिक्का दिला. पण जाताना नानांकडून घरच्या वाफ्यातली तीन किलो वांगी बांधून घेतली, आणि हल्ली ते दर आठवड्याला येतात. तपासणीला!

*

आता हा शेवटचा. एप्रिल महिना, नानांची वांगी संपलेली. आणि भाऊंनी मुंबईच्या एका कंपनीच्या पन्नास पाहुण्यांना भरीत कबूल करून ठेवलेलं! त्यांच्याबरोबर सेंद्रिय अन्नावर भाषणं देणारे एक तज्ज्ञ. भाऊंनी काय करावं? गुपचूप मार्केटची वांगी आणली, नानांच्या टोपलीत भरली, वर दोन मुठी माती भुरभुरवली आणि एक किडकं वांगं दिसेल असं ठेवलं. मला म्हणाले, "अक्कांना काही बोलू नको." मी बोललो नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

अक्कांनी वांगं उचललं. दाबलं. नाकाशी धरलं. बाहेर पन्नास माणसं बसलेली आणि अक्का चपलांकडे बघतायत! त्या गेल्या असत्या तर पाटी काय, हॉटेलच उतरवावं लागलं असतं.

पण अक्कांनी चपला घातल्या नाहीत. टोपली उचलून भाऊंच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून आल्या आणि नानांना फोन लावला. वीस मिनिटांत नाना मोटरसायकलवर आले. मागे बांधलेला, त्यांच्या बांधावरच्या हिरव्या केळ्यांचा घड. मग किचनचं दार बंद झालं. काड्यांचा धूर आला, बडगीचा आवाज आला. भाऊ पुढे पाहुण्यांना व्हिजन सांगत होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

ताटं गेली. तज्ज्ञांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि उभेच राहिले.

"मित्रहो, ही चव लक्षात ठेवा! केमिकलच्या वांग्याला ही चव येणं शक्य नाही!"

टाळ्या पडल्या. भाऊंनी रुमालानं घाम पुसला. तज्ज्ञ म्हणाले, "ज्यांनी हे केलं, त्यांना बाहेर बोलवा." अक्का पदराला हात पुसत आल्या.

"अक्का, मी बरोबर ओळखलं ना? केमिकलचं वांगं नाही ना यात?"

अक्कांनी एकदा भाऊंकडे बघितलं.

"बरोबर वळखलं साहेब. केमिकलचं नही, अन् बिगर केमिकलचंबी नही."